जमिनीतली वायर मेली, तर मुदत कुणाची संपते?



जुळे सोलापुरात आमचे कार्यालय आहे हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या मागच्या अंगाला गोदाम आहे. मधे सव्वाशे फूट मोकळी जागा. बैठकीला जागा पुरत नाही म्हणून गोदामातच एक संगणक मांडला आणि तिथे बसून आमची पोरे आपले अर्ज भरतात, सातबारा काढून देतात, ई-पीक पाहणीच्या चुका शोधतात. कार्यालयातून गोदामापर्यंत नेटची वायर जमिनीतून नेलेली. चार वर्षांपूर्वी एका ठेकेदाराकडून काम करून घेतले, बिल चुकते केले आणि वायर विसरून गेलो. जमिनीत पुरलेली वस्तू माणूस अशीच विसरतो.

गेल्या उन्हाळ्यात ही वायर मेली. कशी मेली, कशी सापडली आणि त्यातून आम्ही काय शिकलो, ते सांगतो. गोष्ट सव्वाशे फुटांची आहे, पण ती आपल्या प्रत्येक गावाला लागू आहे.

आधी लंगडली, मग बसली

वैशाखात नेट मंद झाले. सकाळी चाले, दुपारी अडखळे. पोरे म्हणाली, संगणक जुना झाला. तो दुरुस्तीला दिला. मग कुणी म्हणाले, भिंतीवरचा डबा खराब आहे. डबा बदलला. दोन्ही वेळा पैसे गेले आणि नेट होते तिथेच राहिले. मृगाचा पहिला पाऊस पडला आणि दुसऱ्या दिवशी सगळेच बंद. त्या आठवड्यात कुठल्याशा अर्जाची मुदत संपत होती. बार्शीकडून, अक्कलकोटकडून आलेली माणसे हातात कागद घेऊन पायरीवर बसलेली. आम्ही त्यांना काय सांगणार? ‘लाइन नाही’ हे शब्द आपण दुसऱ्यांच्या कचेरीत ऐकत आलो. त्या दिवशी ते आम्हाला आमच्याच दारात उच्चारावे लागले, आणि लाज वाटली.

शेवटी आमच्या ओळखीचा एक मोटार बांधणारा कारागीर आला. तो काही नेटचा जाणकार नव्हे. आयुष्य विहिरीवरच्या मोटारी उतरवण्यात गेलेले. त्याने आल्या आल्या एकच प्रश्न विचारला, “सायेब, वायर गेलीया कुठनं?”

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. कुणालाच माहीत नव्हते. ठेकेदाराने नकाशा दिला नव्हता, आणि आम्ही मागितला नव्हता. आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे. माती परीक्षणाचा नमुना कुठल्या कोपऱ्यातून घेतला याची नोंद ठेवा, असे गावोगाव सांगत फिरतो. स्वतःच्या अंगणाची मात्र नोंद नव्हती.

तपास टोकापासून करावा

पुढचा सगळा तपास त्या कारागिराच्या रीतीने झाला. त्याची रीत सोपी होती. स्वस्त आणि हाताशी आहे ते आधी तपासायचे, खणायचे सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी, दोन्ही टोकांच्या हातभर लांबीच्या वायरी बदलून पाहिल्या. दोष गेला नाही. दुसरी पायरी, गोदामातला संगणक उचलून कार्यालयात आणला आणि डब्याला थेट जोडला. नेट धडधडीत चालू. म्हणजे संगणक निर्दोष, डबा निर्दोष, दोष मधल्या सव्वाशे फुटांत. ही दहा मिनिटांची परीक्षा पहिल्याच दिवशी केली असती तर दोन खर्च वाचले असते.

तिसरी पायरी टेस्टरची. या वायरीत तांब्याच्या आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, पीळ दिलेल्या. टेस्टरवर आठ दिवे. एका टोकाला लावला, दुसऱ्या टोकाला पाहिले. चौथा आणि पाचवा दिवा लागलाच नाही. तिसरा आणि सहावा एकदम लागले, म्हणजे त्या दोन तारा कुठे तरी एकमेकींना चिकटल्या होत्या.

इथे कोडे सुटले. जलद गतीच्या नेटला चारही जोड्या लागतात. एक जोडी तुटली की यंत्र आपले आपण खालच्या गतीवर येते आणि पहिली, दुसरी, तिसरी, सहावी अशा दोनच जोड्यांवर लंगडत चालते. वैशाखात तेच झाले होते. पाऊस पडल्यावर तिसरी-सहावीची जोडीही भिजून गेली आणि लाइन बसली. विहिरीवर एक फेज गेली की मोटार घुमते, हे आपल्याला कळते. आपण लगेच स्टार्टर बंद करतो. नेटची वायर घुमत नाही, फक्त मंद होते. म्हणून दोन महिने आम्हाला काही कळले नाही.

टोकांच्या पिना नव्या बसवून पाहिल्या. दोष तसाच. मग त्या कारागिराने सवयीने मेगर काढला. तेव्हा मात्र आम्ही त्याला थांबवले. मेगर पाचशे व्होल्ट सोडतो. मोटारीच्या केबलला ते झेपते, पण नेटच्या वायरीच्या टोकाला यंत्र जोडलेले राहिले तर ते जळून जाईल. दोष सापडत नाही म्हणून जोर वाढवायचा हा मोह जुना आहे. १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली तार टाकली. संदेश नीट जाईनात, म्हणून तिथल्या विद्युत-तज्ज्ञाने सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. आधीच दुबळी असलेली तार महिनाभरही टिकली नाही. विल्यम थॉमसनचे म्हणणे वेगळे होते. दाब कमी ठेवा आणि मोजण्याचे यंत्र नाजूक करा, असे तो सांगत होता. पुढे १८६६ मध्ये टिकाऊ तार पडली ती त्याच्या वाटेने. आधी मोजा, मग हात घाला, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

म्हणून आम्ही मोजायचे यंत्र भाड्याने आणले. ते वायरीत विजेचा एक ठोका सोडते. तार जिथे तुटली असेल तिथून तो आडात मारलेल्या हाकेसारखा परत येतो. तांब्याच्या या वायरीत ठोका साधारण प्रकाशाच्या दोन तृतीयांश वेगाने धावतो, म्हणजे एक मीटरला सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे पाच भाग लागतात. आमचा ठोका दोनशे तीस भागांत परतला. जाऊन येऊन सेहेचाळीस मीटर, म्हणजे दोष कार्यालयापासून तेवीस मीटरवर.

पण तेवीस मीटर कुठल्या दिशेने? नकाशा नाही. मग वायरीत गुणगुणणारा आवाज सोडून जमिनीवरून दांडी फिरवत फिरवत वाट शोधली. यात एक अख्खा दिवस गेला. कागदाच्या एका चिटोऱ्याने हा दिवस वाचला असता.

खणल्यावर काय दिसले

खणले तर वायर वीतभर खोलीवर. बिलात पूर्ण लांबीचा पाइप लावलेला, जमिनीत मात्र दोन्ही टोकांना दहा-दहा फूटच. मधे वायर उघडी. तीही घरात भिंतीवर लावायची, मातीत पुरायची नव्हे. आणि नेमक्या तेवीस मीटरवर एक जोड, नुसती काळी चिकटपट्टी गुंडाळलेला. पट्टी सुटलेली, तांबे हिरवे पडलेले, दोन तारा ओढून तुटलेल्या.

तारा कुणी ओढल्या? उंदराने नाही, घुशीने नाही. आपल्या काळ्या रानाने ओढल्या.

हे आमच्या शिक्षणाचे क्षेत्र आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. आपल्या काळ्या जमिनीतली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात भेगा पडतात आणि भारी जमिनीत त्या हात-दोन हात खोल जातात. १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले ते याच जमिनीत पाणी कसे टिकवावे या प्रश्नासाठी. रब्बी ज्वारीत शेवटची कोळपणी आपण भेगा बुजवायलाच करतो. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, हे आपल्या आज्यापणज्यांना कळत होते. ज्या भेगा ज्वारीची मुळे तोडतात, त्या केसाएवढ्या जाड तांब्याच्या तारेला सोडतील काय? जुळे सोलापुरात आज बंगले दिसतात. पण फरशीखालची जमीन शेताचीच आहे आणि तिची सवय गेलेली नाही.

वरच्या हातभर मातीत ही हालचाल सगळ्यात जास्त. त्याच थरात ठेकेदाराने वायर ताणून पुरली, ढील ठेवली नाही, जोड उघडा ठेवला. उन्हाळ्यात माती आकसली, वायर ओढली गेली, जोड सुटला. पावसात पाणी आत गेले. यात दैवाचा काही संबंध नाही.

दुरुस्ती कशी केली

जुन्या वायरीला नवा जोड दिला नाही. जमिनीत जोड नको, हा पहिला नियम. दोन फूट खोल चर घेतला, तळाला वाळू, त्यावर अखंड जाड पाइप, पाइपात एक रिकामी दोरी, म्हणजे पुढे वायर बदलायची तर खणावे लागणार नाही. पाइपाची तोंडे जमिनीच्या वर काढून खाली वळवली आणि बुजवली, म्हणजे पाणी आणि उंदीर आत जाणार नाहीत. दोन्ही टोकांना वायरीचे एक-एक वेटोळे ढील ठेवले. चर बुजवताना पाइपाच्या वर वीतभर अंतरावर रंगीत पट्टी टाकली. उद्या कुणी टिकाव मारला तर आधी पट्टी वर येईल.

आणि या वेळी तांब्याची वायर न घालता काचेच्या धाग्याची घातली. तांब्याची नेट वायर शंभर मीटरपर्यंतच चालते. शिवाय दोन इमारतींची अर्थिंग वेगळी असली की वीज कडाडल्यावर तिच्यातून झटका दोन्हीकडच्या यंत्रांत शिरतो. काचेच्या धाग्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. शेतातल्या घरातून पोल्ट्रीपर्यंत, गोठ्यापर्यंत कॅमेऱ्याची लाइन नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

सगळ्यात शेवटी नकाशा काढला. कार्यालयाच्या ईशान्य कोपऱ्यापासून किती फूट, गोदामाच्या उंबऱ्यापासून किती फूट, कुठे वळण, किती खोल, तारीख. एक प्रत भिंतीवर, एक दप्तरात.

आता गावाकडे चला

आमच्या सव्वाशे फुटांवर जे झाले, तेच तालुक्यापासून गावापर्यंतच्या लाइनचे होते. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ग्रामपंचायतींपर्यंत काचेच्या धाग्याची केबल नेण्याची योजना मंजूर केली. २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. पुढच्या टप्प्यात महाराष्ट्रात महानेट आले. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटसाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. त्यात केबल एकेरी न नेता वेढ्याने न्यायची, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालेल, आणि दहा वर्षांची देखभालही त्यातच, असे ठरले. म्हणजे एकेरी केबल तुटते आणि तुटलेली केबल कुणी बघत नाही, हे सरकारनेच मान्य केले.

साध्या जमिनीत ही केबल १.६५ मीटर खोल घालायची असा मूळ नियम. आपल्या गावच्या रस्त्याकडेला ती किती खोल आहे, हे पुढच्या वेळी जेसीबी आला की उभे राहून पाहा. रस्ता रुंद होतो, नळयोजनेचा पाइप जातो, विजेचा खांब रोवतात. खोदणाऱ्याला खाली काय आहे ते माहीत नसते, आणि ज्याची केबल आहे त्याला कुणी खोदत आहे हे माहीत नसते. अशा न विचारता केलेल्या खोदाईने देशात दरवर्षी सुमारे तीन हजार कोटींचे नुकसान होते, असे सरकार स्वतः सांगते. म्हणून मार्च २०२३ मध्ये खोदण्याआधी कळवायचे एक अॅपही निघाले. आपल्या गावात खोदाई झाली तेव्हा त्यावर कुणी कळवले होते काय, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

आणि इथे आपलाही हिशेब मांडला पाहिजे. रात्रीतून रस्ता फोडून पाइपलाइन पलीकडे नेणारे कोण? आपणच. खाली केबल लागली की माती ढकलून गप्प बसणारे कोण? त्यातही आपण आहोत. दुसऱ्याकडे बोट दाखवताना हे लपवून चालणार नाही.

कुणी म्हणेल, आता सगळे हवेतून येते, वायरीचे एवढे काय? पुष्कळ ठिकाणी हवेतून येते ते फक्त टॉवरपासून तुमच्या हातातल्या मोबाइलपर्यंत. तिथे टॉवरच्या मागे जमिनीतली केबलच असते. ती तुटली की मोबाइलवर काड्या दिसतात आणि काम होत नाही.

खरा प्रश्न मुदतीचा आहे

सरकारने आपले दप्तर तारेवर नेले. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली आणि आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाइलवरून करायची झाली. आमचा याला विरोध नाही. तलाठ्याच्या दारात हेलपाटे वाचले, हे आम्ही उघड सांगतो. पण काम तारेवर नेणाऱ्याने तारेची जबाबदारी घेतली नाही. मुदत आपल्यावर, तार कुणावरच नाही.

२०२४ च्या खरिपापर्यंत पीकविम्यात स्थानिक आपत्तीचे नुकसान ७२ तासांत कळवायची अट होती. ज्या पावसाने पीक झोपते, त्याच पावसाने लाइन जाते, हे अट घालणाऱ्याला दिसले नाही काय? २०२५ च्या खरिपापासून राज्याने विम्याची पद्धत बदलली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठेवली. पण बाकीच्या मुदती आहेतच. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला. माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूरची गावे पाण्यात होती. अशा गावाला तारीख पाळ म्हणून सांगणे म्हणजे बुडणाऱ्याकडे ओळखपत्र मागणे.

अर्ज उशिरा आला, असा शेरा मारताना कचेरी शेतकऱ्याच्या आळसाची नोंद करते. लाइन किती दिवस मेली होती याची नोंद कुठेच नसते. आमच्याकडे वायरीचा नकाशा नव्हता म्हणून एक दिवस गेला. गावाकडे लाइनची नोंद नाही म्हणून एखाद्याचा अख्खा हंगाम जाऊ शकतो.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार ठराव ठेवत आहोत. आपल्या गावात चर्चा करून या.

एक. प्रत्येक ग्रामपंचायतीने जमिनीखालची नोंदवही ठेवावी. नळाचा पाइप, विजेची केबल, नेटची केबल, आणि रस्त्याखालून गेलेली आपली खासगी पाइपलाइनसुद्धा. शाळेची भिंत, पार, पूल अशा न हलणाऱ्या खुणांपासूनची अंतरे त्यात लिहावीत. गावातल्या दहावीच्या पोरांनी टेप धरली तरी हे काम होईल.

दोन. रस्त्याच्या किंवा पाइपच्या ठेकेदाराने जे तोडले ते जोडल्याचा दाखला ग्रामसभेने दिल्याशिवाय त्याचे शेवटचे बिल निघू नये. आमच्या बिलात पाइप होता आणि जमिनीत नव्हता, कारण चर उघडा असताना आम्ही पाहायला गेलो नाही. गावाने चर उघडा असतानाच पाहावे.

तीन. लाइन बंद पडली की त्याच दिवशी लेखी तक्रार करावी. तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि वेळ ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहावी. चालू झाल्यावर तीही वेळ लिहावी.

चार. फळ्यावर जितके दिवस लाइन बंद, तितके दिवस त्या गावाची प्रत्येक सरकारी मुदत आपोआप वाढावी, आणि त्या काळात कागदी अर्ज पोचपावती देऊन घ्यावा.

चौथ्या ठरावासाठीच बाकीचे तीन आहेत. नोंद नसेल तर आपण कितीही ओरडलो तरी समोरचा म्हणेल, पुरावा काय? खडूने लिहिलेली तारीख हा पुरावा आहे. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही, अनुदानाचीही नाही. उद्या सकाळपासून सुरू करता येईल.

तो मोटार बांधणारा कारागीर निघताना मजुरी घेईना. आम्ही आग्रह केला तेव्हा नव्या नकाशाकडे बोट दाखवून म्हणाला, “ह्यो कागद जपा म्हंजे झालं. पुढच्या खेपंला मला बोलवायचंच न्हाई.”

बैठकीला येताना आपल्या गावच्या लाइनची हकीकत कागदावर लिहून आणा. कधी बंद पडली, किती दिवस, कुणाचे काय अडले. नुसते तोंडी सांगू नका, तारखेसह लिहा.